सोबत आलेल्या बाईची तपासणी कोण करणार?

मा. अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय (घाटी),
छत्रपती संभाजीनगर यांस



एक मागणी घेऊन हे पत्र लिहिते आहे. गरोदर बाईबरोबर जी बाई दवाखान्यात येते, मग ती आई असो, सासू असो की मोठी जाऊ, तिच्या गर्भाशयाच्या मुखाची तपासणी त्याच दिवशी आणि त्याच इमारतीत व्हावी. गरोदर बाईलाही तिच्या शरीरात असू शकणाऱ्या एका विषाणूबद्दल कुणीतरी बसून, तिच्या भाषेत, न घाबरवता सांगावं. मागणी एवढीच आहे. पत्र जाहीर लिहिण्याचं कारण असं की ती फक्त आपल्या दालनात सुटणारी नाही. जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग, महापालिकेची आरोग्य केंद्रं आणि मुंबईतलं आरोग्य खातं या सगळ्यांना तिच्यात हात घालावा लागेल. पण सुरुवात घाटीत व्हावी असं वाटतं. १९५६ पासून जालना, बीड, परभणी, हिंगोली, अगदी बुलढाण्यापर्यंतचा अडलेला माणूस शेवटी घाटीचीच पायरी चढतो. मराठवाड्यात घाटीनं एखादी गोष्ट सुरू केली की तालुक्याचे दवाखाने ती उचलतात.

विषाणूचं नाव ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. त्याचे २०० हून अधिक प्रकार आहेत आणि त्यांतले सुमारे ४० जननेंद्रियांच्या भागात राहतात. ६ आणि ११ या प्रकारांमुळे चामखिळीसारखे कोंब येतात. ते त्रासदायक असतात, पण कॅन्सर करत नाहीत. खरी भीती १६ आणि १८ या प्रकारांची. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या साधारण ७० टक्के रुग्णांत हेच दोन सापडतात. ही सांगड घालणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ चं नोबेल मिळालं. आपल्या बायकांना मात्र हे नाव अजून कुणी सांगितलेलं नाही. त्यांना ‘अंगावरून पांढरं जातं’ हे ठाऊक असतं, ‘पिशवीला सूज’ ठाऊक असते, आणि ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ हे तर फार चांगलं ठाऊक असतं. मधला सगळा भाग कुणी सांगतच नाही.

तो मधला भाग असा. हा विषाणू शरीरसंबंधातून, त्वचेला त्वचा लागून पसरतो. संसारात पडलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. त्याचा चारित्र्याशी संबंध लावणं चूक आहे, कारण एकाच नवऱ्याबरोबर आयुष्य काढलेल्या बाईलाही तो होतो. दहांतल्या नऊ जणींचं शरीर तो वर्षा-दोन वर्षांत आपणहून काढून टाकतं. जिच्या अंगात तो ठाण मांडून बसतो, तिच्या पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बदलू लागतात. तिथून कॅन्सरपर्यंत पोचायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती फार कमी असेल, विशेषतः एचआयव्हीवर उपचार सुरू नसतील, तर ५ ते १० वर्षांतही तो टप्पा गाठला जातो. एवढा सावकाश येणारा आणि वाटेत एवढ्या वेळा अडवता येणारा दुसरा कॅन्सर क्वचितच असेल. तरी २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना तो झाला आणि जवळजवळ ८० हजार बायका त्यानं गेल्या. जो आजार येण्याआधी पंधरा वर्षं वाट पाहतो, त्यानं इतक्या बायका जाव्यात, याचा राग यायला हवा.

आता गरोदरपणाबद्दल. दिवस गेले की शरीराची प्रतिकारशक्ती आपला कल बदलते, कारण पोटातल्या बाळाला तिनं परकं समजून चालत नाही. संप्रेरकं वाढतात, पिशवीच्या तोंडाकडचा रक्तपुरवठा वाढतो, आतला नाजूक थर बाहेर उलटल्यासारखा दिसू लागतो. अशा दिवसांत एचपीव्हीला थोडी मोकळीक मिळते. गरोदर बायकांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या बायकांत, तो काहीसा जास्त आढळल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. आधी दाण्याएवढे असलेले कोंब पाचव्या-सहाव्या महिन्यात झपाट्यानं वाढतात, कधी फुलकोबीच्या तुऱ्यासारखे होतात, त्यांतून रक्त येतं. बाई घाबरते. सासूला सांगायची लाज, नवऱ्याला सांगायची त्याहून जास्त. मग कुणीतरी दिलेला चुना किंवा मेडिकलवाल्यानं दिलेलं मलम लावलं जातं. इथे सांभाळायला हवं, कारण कोंबांवरची काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत. पोडोफायलिन तर वर्ज्यच आहे आणि इमिक्विमोडही टाळतात. डॉक्टरांच्या हातून ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिड लावणं किंवा अतिथंड उपचारानं कोंब गोठवणं हे चालतं. पुष्कळदा काहीच न करता बाळंतपणानंतर ते आपोआप ओसरतात. बाळाला विषाणू जाण्याची शक्यता कमी असते. मूल मोठं होताना स्वरयंत्रावर कोंब येण्याचा आजार होतो, पण फारच क्वचित. म्हणून निव्वळ एचपीव्ही आहे या कारणानं पोट उघडून बाळंतपण करायची गरज नसते. कोंबांनी वाट अडवली असेल किंवा मोठा रक्तस्राव होण्याची भीती असेल तरच सिझेरियनचा विचार होतो. वेळेआधी पाणी जाणं, दिवस भरायच्या आत कळा येणं यांच्याशी या विषाणूचा दुवा काही अभ्यासांत दिसतो. पण तोच कारण आहे असं सिद्ध झालेलं नाही, आणि ते सांगून कुणा गरोदर बाईला झोपेतून उठवू नये.

धोका कुणाला जास्त, या प्रश्नाचं पुस्तकातलं उत्तर लहान आहे: कमी वयात सुरू झालेला शरीरसंबंध, स्वतःचे किंवा नवऱ्याचे एकाहून जास्त जोडीदार, इतर गुप्तरोग, एचआयव्ही, तंबाखू, जास्त बाळंतपणं. ही यादी आपल्या भागात नेऊन पाहिली की ती कागदावरची राहत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या ज्या बायकांचं लग्न अठराच्या आत झालं होतं, त्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के निघालं. परभणीत ते ४८ टक्के होतं आणि बीडमध्ये ४३ टक्क्यांच्या वर. वयात येताना मुलीच्या पिशवीच्या तोंडावरच्या पेशी वेगानं बदलत असतात आणि त्या काळात विषाणू तिथे सहज घर करतो. म्हणजे सोळाव्या वर्षी सासरी गेलेली मुलगी सर्वात कच्च्या काळात त्याच्या पुढ्यात उभी केली जाते. दिवस गेल्यावर कायद्याच्या भीतीनं घरचे तिचं वय वाढवून सांगतात, केस पेपरवर ‘१९’ लिहिलं जातं आणि धोक्याचं पहिलं कारण कागदावरून पुसलं जातं.

दुसरं कारण तंबाखू. मिश्रीचा डबा मराठवाड्यातल्या किती चुलींपाशी असतो हे आपल्याला ठाऊक आहे. गरोदर बाईही ती लावते, कारण मिश्री लावली नाही तर मळमळतं, पोट साफ होत नाही असं ती सांगते. सिगारेटमुळे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका वाढतो हे पक्कं झालेलं आहे, धूम्रपान करणाऱ्या बायकांच्या पिशवीच्या तोंडाशी असलेल्या स्रावातसुद्धा निकोटिन सापडतं. मिश्रीवरचा अभ्यास त्यामानानं कमी असला, तरी ती भाजलेली तंबाखूच आहे आणि तिनं बाळाचं वजन घटतं हे तर स्वतंत्रपणे दिसलेलं आहे. एवढं कारण मिश्री सुटण्यासाठी पुरेसं व्हावं. आणि नवरा? ड्रायव्हर, मुकादम, कारखान्याचा कामगार, सहा महिने मुलखाबाहेर राहणारा तो माणूस कुठल्याच कागदावर येत नाही. तपासणी बाईची, उपदेश बाईला, लाजही तिचीच.

याच मातीत झालेल्या एका कामाची आठवण आपल्याला करून द्यायची आहे. १९९९ पासून उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. सगळ्या ३० ते ५९ वयाच्या. गावांचे ५२ समूह करून चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट पाडले. एका गटाला एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्याला पेशींची पॅप तपासणी, तिसऱ्याला पिशवीच्या तोंडाला सौम्य अॅसेटिक अॅसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी, आणि चौथ्या गटाला नेहमीचीच सेवा. आठ वर्षांनी हिशेब झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या. तपासणी न झालेल्या चौथ्या गटात ६४ गेल्या, आणि तो गट पहिल्यापेक्षा काहीसा लहानच होता. मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. एप्रिल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हे छापून आलं आणि एचपीव्ही चाचणीच्या बाजूनं जगभर जो पुरावा दिला जातो, त्यातला हा मोठा पुरावा ठरला. तपासणीवाचून ठेवलेल्या त्या चौथ्या गटाबद्दल पुढे वादही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्या ६४ जणी कळंब, तुळजापूर, भूम, परांडा याच मुलखातल्या लेकीसुना होत्या. त्यांच्या जाण्यातून जगाला जे कळलं, ते त्यांच्याच शेजारच्या गावातल्या बाईपर्यंत इतक्या वर्षांत पोचू नये, हे मला सहन होत नाही. वर सांगितलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचाच आकडा सांगते: देशात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या बायका १.९ टक्के.

तपासणी पोचली नाही, भीती मात्र पोचली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रकार २०१९ मध्ये उघड झाला, तेव्हा आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यांतल्या कित्येक जणी ऐन तिशीतल्या. पाळीच्या दिवसांत फडात रजा नाही, मुकादमाचा खाडा बसतो, अंगावर पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, आणि खासगी दवाखान्यात ‘कॅन्सर’ हा एक शब्द उच्चारला की बाई उसनवारी करून टेबलावर जाते. त्यांतल्या किती जणींची आधी एखादी साधी तपासणी झाली होती? जी बाई कॅन्सरच्या नावानं पिशवी गमावते आणि जी बाई तपासणीवाचून कॅन्सरनं जाते, त्या दोघी एकाच गावातल्या असतात.

म्हणून माझी नजर प्रसूतीपूर्व तपासणीच्या बाहेरच्या बाकाकडे जाते. मराठवाड्यातली बाई एरवी स्वतःसाठी दवाखान्यात येत नाही. गरोदरपणात येते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात येते, रक्त देते, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, व्हीडीआरएल, साखर, लघवी तपासून घेते, सोनोग्राफीच्या रांगेत थांबते. तिचं कार्ड असतं, मोबाइल नंबर असतो, आशाताई असते. बाईचं नाव सरकारदरबारी इतकं नीट लिहिलं जातं ते या नऊ महिन्यांतच. आणि ती एकटी कधीच येत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आई येते, नाहीतर सासू येते. अठराव्या वर्षी दिवस गेलेल्या मुलीची आई पुष्कळदा अडतीस-चाळिशीची असते. हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, भाकरीचं फडकं, आधीच्या सगळ्या केस पेपरांची घडी. ती चार-चार तास त्या बाकावर बसून असते. डॉक्टरांना जी बाई शोधून सापडत नाही, ३० ते ६५ वयाची, कधीच न तपासलेली, लहान वयात लग्न झालेली, चार बाळंतपणं झालेली, मिश्री लावणारी, ती बाई हीच. तिला आणायला गाडी पाठवावी लागत नाही की शिबिर भरवावं लागत नाही. ती आपल्या दारात बसलेली आहे आणि आपण तिला फक्त ‘नातेवाइकांनी बाहेर थांबावं’ एवढंच सांगतो.

तिची तपासणी म्हणजे काय हे इथल्या वाचक बायकांसाठी लिहिते, कारण नुसत्या शब्दानं धडकी भरते. पडद्याआड टेबलावर पाय दुमडून निजायचं. सिस्टर स्पेक्युलम नावाचं उपकरण आत बसवतात, थोडं गार लागतं, थोडा दाब येतो. कापसाच्या बोळ्यानं पिशवीच्या तोंडाला सौम्य अॅसेटिक अॅसिड लावतात, म्हणजे व्हिनेगरचंच मूळ द्रव्य, तीन ते पाच टक्क्यांचं. एक मिनिट थांबतात. बदललेल्या पेशी असतील तर तो भाग पांढराफटक होतो, नसतील तर गुलाबीच राहतो. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. सुई टोचत नाही, टाका पडत नाही. पांढरा भाग दिसला म्हणजे कॅन्सर झाला असं मुळीच नाही. बहुतेक वेळा तो गोठवून किंवा उष्णता देऊन तिथल्या तिथे काढून टाकता येतो, पिशवी काढावी लागत नाही. पाळी गेलेल्या बाईत मात्र ही नजरेची तपासणी कमी भरवशाची ठरते, कारण बघायचा भाग आत सरकलेला असतो. तिथे एचपीव्हीची चाचणी हवी. तिचा नमुना बाई स्वतःही घेऊ शकते, पडद्यामागे, कुणासमोर न निजता. जागतिक आरोग्य संघटना आता हीच चाचणी पहिली धरायला सांगते, तिशीपासून दर पाच ते दहा वर्षांनी, आणि एचआयव्ही असलेल्या बाईत पंचविशीपासून, दर तीन ते पाच वर्षांनी. टीबीसाठी ठिकठिकाणी बसवलेल्या ट्रूनॅट यंत्रांवर एचपीव्हीची चाचणीही होते. यंत्र आहे, परिचारिका आहेत, बाई बाकावर आहे. आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय याच शहरात आहे, दोष सापडलेल्या बाईला मुंबईची गाडी धरावी लागत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी तपासणी करा असं २०१६ पासून लिहिलेलं आहे. नवा आदेश काढावा लागणार नाही. या सगळ्यांना एका सकाळी एकत्र आणायचं आहे.

गर्दीची मला कल्पना आहे. घाटीच्या परिचारिका आणि निवासी डॉक्टर किती बायकांना एका दिवसात पाहतात, हे शहराला माहीत आहे. त्यांच्यावर आणखी एक रजिस्टर लादून हे होणार नाही. एक वेगळं टेबल, एक पडदा, प्रशिक्षित दोन परिचारिका, आणि बाकाशेजारी बसून बोलणारी एक आशाताई एवढं मनुष्यबळ वेगळं द्यावं लागेल. ते देण्याची जबाबदारी आपल्याहून जास्त खात्याची आहे, म्हणून या पत्राची प्रत तिकडेही जात आहे.

गरोदर बाईसाठी मी फार काही मागत नाही. सरसकट सगळ्यांची एचपीव्ही चाचणी करावी असं मी म्हणणार नाही, कारण विशीतल्या मुलींत तो आज असतो आणि पुढच्या वर्षी नसतो. त्या कागदानं घरात फक्त भांडण लागेल. पण तिला एकदा विचारावं: खाली कोंब आलेत का, संबंधानंतर रक्त जातं का, पांढऱ्याला घाण वास येतो का? असेल तर उपकरण लावून एकदा नीट पाहावं. ‘गरोदरपणात आतून तपासलं की पोर पडतं’ हा समज अजून जिवंत आहे आणि तो घालवणं डॉक्टरांच्याच हातात आहे. पॅप तपासणी गरोदरपणात करता येते, दुर्बिणीतूनही पाहता येतं. आतून खरवडायचं नाही आणि तुकडा फक्त कॅन्सरचीच शंका असेल तर घ्यायचा, हे आपले डॉक्टर जाणतात. कॅन्सरपूर्व बदल निघाले तर उपचार बाळंतपणानंतरच्या आठवड्यांपर्यंत थांबू शकतात. फक्त ती परत आली पाहिजे. ती सहसा परत येत नाही, बाळाच्या लसीला येते. म्हणून तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर एक ओळ हवी: पुढची तपासणी केव्हा, आणि तिशी कोणत्या वर्षी पुरी होते. बाळाच्या डोसाला आलेल्या आईला आशाताईनं त्या ओळीची आठवण द्यावी. घाटीच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, नाव असलेल्या बाईच्या कार्डावर ती ओळ पंचविशीची असावी.

नवऱ्यालाही एकदा आत बोलवा. कंडोमनं हा विषाणू पुरता अडत नाही, पण कमी होतो, हे त्याला पुरुष समुपदेशकानं सांगावं. कोंब त्यालाही असू शकतात, त्यानंही दाखवावं. आणि त्याला लेक असेल तर लसीचं सांगावं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक लस २०२३ मध्ये बाजारात आली, तिच्यात ६, ११, १६, १८ हे चारही प्रकार येतात. ती ९ ते १४ वयात दिली तर सर्वात जास्त उपयोगी. गरोदर बाईला मात्र देत नाहीत. नकळत दिली गेली असेल तर गर्भपात करायचं काहीच कारण नाही, उरलेला डोस बाळंतपणानंतर घ्यायचा. लसीचं काम मोठं आहे आणि ते होईलच. पण आज ज्या बाकावर बसल्या आहेत त्यांना ती उपयोगी पडायची नाही. त्यांचं वय लसीच्या पलीकडे गेलं आहे आणि कॅन्सरच्या वयात आलं आहे.

अधिष्ठाता महोदय, येत्या ९ तारखेला फक्त एका टेबलानं सुरुवात करून पाहा. गरोदर बाईला रक्तदाबाचं यंत्र बांधता बांधता सिस्टरनं शेजारच्या बाईला विचारावं, “माय, तुमचं वय किती? तुमची तपासणी झाली का कधी?” आणि ज्या वाचक बायका उद्या लेकीला किंवा सुनेला घेऊन घाटीत, चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात जाणार आहेत, त्यांनी कुणी विचारायची वाट पाहू नये. “माझंही तपासा,” असं स्वतः म्हणावं. ही तपासणी सरकारी कार्यक्रमातली आहे, तिच्यावर तुमचा हक्क आहे.

आपली विश्वासू,
आरोग्याच्या प्रश्नांवर लिहिणारी या शहरातली एक नागरिक